अंगठी जुनी असेलही, माणिकाचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पुण्यातल्या ओळखीच्या सराफाने तुम्हाला एक अंगठी दाखवली आहे. मधे अंडाकृती लाल खडा, 8 बाय 6 मिलिमीटरचा. दोन्ही खांद्यांवर एकेक छोटा हिरा. वरचा भाग पांढऱ्या धातूचा, कडं पिवळं, आणि आतून अठरा कॅरट सोनं व प्लॅटिनम असं सांगणारा इंग्रजी ठसा. वजन चार ग्रॅमच्या आसपास. सराफाचं म्हणणं असं: अंगठी 1920 च्या सुमाराची, इंग्लंडमध्ये घडवलेली, मुंबईच्या एका पारशी घराण्यातून आलेली, माणिक बर्मी, न तापवलेलं, पावणेदोन कॅरटचं. साडेसहा लाख सांगितले आहेत, लाखभर बयाणा द्या, बाकी आठ दिवसांत. प्रमाणपत्र नाही. अंगठी लेकीला लग्नात द्यायची आहे, ती लंडनला असते आणि माप लहान करावं लागणार आहे.

बयाणा अजून देऊ नका. सराफ खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याने एका दमात पाच दावे केले आहेत आणि तुम्ही ते एकच दावा समजून ऐकले आहेत. अंगठीचं वय, धातूचा कस, खडा निसर्गातला असणं, तो रंग सुधारण्यासाठी तापवलेला नसणं आणि तो बर्मातला असणं, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खरी निघाली म्हणून पुढच्या चार खऱ्या ठरत नाहीत. माणकाच्या बाबतीत तर 1920 हे साल ऐकल्यावर मी जास्त सावध होतो, कमी नाही.

कारण सांगतो. 1902 मध्ये ओग्यूस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी, त्यात रंगापुरतं क्रोमियम. ही भुकटी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि खालच्या फिरत्या दांड्यावर थराथराने साठत जाते. काही तासांत गाजराच्या आकाराचा लालभडक स्फटिक तयार. तो काच नव्हे, नकली रंगवलेला दगडही नव्हे. रासायनिक दृष्ट्या ते माणिकच, फक्त खाणीऐवजी भट्टीतलं. पुढच्या दशकात हे खडे युरोपभर पसरले, आणि 1910 ते 1935 या काळातल्या दागिन्यांत ते सढळ हाताने बसवले गेले. प्लॅटिनममध्ये, अस्सल हिऱ्यांच्या शेजारी, उत्तम कारागिरीत. तेव्हा त्यात कुणाला कमीपणाही वाटत नसे. ती त्या काळातली नवलाईची वस्तू होती. एकसारख्या रंगाचे छोटे चौकोनी खडे रांगेत बसवायचे तर भट्टीतलं माणिक फार सोयीचं पडे.

त्यामुळे तुमच्यासमोर जी अंगठी आहे ती शंभर टक्के जुनी, शंभर टक्के इंग्लिश, घडणही उत्तम, आणि मधलं माणिक पहिल्या दिवसापासून भट्टीतलं, असं अगदी सहज असू शकतं. तसं असेल तर कुणी कुणाला फसवलेलं नाही. आजोबांनी आजीला दिली तेव्हा दोघांनाही ठाऊक असेल, नातवंडांना नाही. सराफाकडे आली तेव्हा ‘आजीचं बर्मी माणिक’ झालेलं असतं.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंकडे येतो. फोटोवरून निदान करणारा माणूस मी नाही, पण फोटोवरून शंका घेता येते. खडा आरपार स्वच्छ दिसतोय आणि रंग कडेपासून मधल्या भागापर्यंत एकसारखा. निसर्गातलं माणिक एक कॅरटच्या वर गेलं की दहा पटीच्या भिंगाखाली निष्कलंक मिळणं फारच दुर्मीळ. पाचूइतकं नसलं तरी माणिकही दोषांसकटच जन्माला येतं. दुसरं, खडा धरून ठेवणारे पंजे झिजून चपटे झालेत, कडं खालच्या बाजूला पातळ झालंय, म्हणजे अंगठी बरीच वापरलेली आहे. पण खड्याच्या पैलूंच्या कडा मात्र धारदार दिसतात. माणकाचा कठीणपणा 9, म्हणजे हिऱ्याखालोखाल, तरी ऐंशी-शंभर वर्षांच्या वापरात त्याच्या कडा थोड्या तरी खरवडतातच. अंगठी थकलेली आणि खडा ताजातवाना, हे दिसलं की दोन शक्यता: खडा नंतर बदलला आहे किंवा काढून पुन्हा पॉलिश केला आहे. फोटोतल्या उजेडाने मलाही चकवलं असेल, म्हणून हे प्रत्यक्ष भिंगाखाली बघायला हवं.

ठशाबद्दल. तुमच्या अंगठीतल्या ठशाला लोक हॉलमार्क समजतात. तो हॉलमार्क नाही. घडवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने स्वतः मारलेला तो मजकूर आहे. कुठल्याही परीक्षण कचेरीने त्याची शहानिशा केलेली नसते. खऱ्या ब्रिटिश हॉलमार्कमध्ये एक छोटी रांग असते: घडवणाऱ्याची आद्याक्षरं, कस दाखवणारी खूण (जुन्या अठरा कॅरटला मुकुट आणि 18 चा आकडा), शहराची खूण आणि सालाचं अक्षर. बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड, चेस्टरची तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या. चेस्टरची कचेरी 1962 मध्ये बंद झाली. कसाच्या आकड्यावरूनही काळ कळतो. आत 15 आणि .625 असा ठसा दिसला तर अंगठी 1854 ते 1932 मधली, कारण पंधरा कॅरट हा कस तेवढाच काळ ब्रिटनमध्ये चालला. 1932 ला बारा आणि पंधरा दोन्ही बंद करून चौदा आणलं.

पण हॉलमार्क नाही म्हणून अंगठी खोटी, असाही अर्थ काढू नका. त्या काळी खडे बसवलेल्या बऱ्याच अंगठ्यांना ब्रिटिश कायद्यात हॉलमार्कमधून सूट होती, आणि प्लॅटिनमचा हॉलमार्क तर तिथे 1975 मध्ये सुरू झाला. म्हणून 1920-30 च्या दशकातल्या प्लॅटिनम-सोन्याच्या अंगठीत नुसता असा ठसा असणं हे त्या काळाशी जुळतंच. अडचण एवढीच की तोच ठसा आजही पाचशे रुपयांत बनवून घेता येतो. ठसा असल्याने वय सिद्ध होत नाही आणि नसल्याने रद्दही होत नाही. आणि समजा अस्सल हॉलमार्क असताच, तर त्याने साल सांगितलं असतं ते धातूचं. खड्याबद्दल हॉलमार्क कधीच काही बोलत नाही. ठशाच्या दोन्ही बाजूंना डाग दिल्याची, म्हणजे झाळून जोडल्याची, रेघ दिसते का तेही पाहा. जुन्या मोडक्या अंगठीतला ठशाचा तुकडा कापून नव्या कड्यात जोडण्याची युक्ती फार जुनी आहे. कड्यावर तोंडाची वाफ सोडली की क्षणभर ती रेघ उमटते.

वय ओळखायचं ते घडणीवरून. अंगठी उलटी धरा आणि खड्याखालची जाळी बघा. विक्रीसाठी वरची बाजू सगळेच चमकवतात, खालच्या बाजूला कुणी फारसं लक्ष देत नाही. हाताने करवतीने कापलेल्या जाळीत भोकांच्या कडा टोकदार असतात, कुठे करवतीचा ओरखडा राहिलेला असतो, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. साच्यात ओतलेल्या अंगठीत आतले कोपरे गोलसर, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, आणि कडेची दाणेदार नक्षी बोथट. संगणकावर आराखडा काढून छापलेल्या मेणावरून ओतलेल्या अंगठीत कधीकधी अगदी बारीक पायऱ्यांसारख्या रेषा राहून जातात. पांढरा भाग प्लॅटिनमचा आहे की पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा, हेही पंजांच्या टोकाशी कळतं: मुलामा झिजला की खालून पिवळट झाक डोकावते, प्लॅटिनम झिजलं तरी पांढरंच राहतं. खात्रीच करायची तर हॉलमार्किंग केंद्रातल्या एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. दागिना खरवडावा लागत नाही आणि खर्च किरकोळ. कसोटीवर घासू देऊ नका; जुन्या अंगठीच्या पातळ कड्याला तेवढंही नुकसान नको.

बाजूचे हिरे खूप काही सांगतील. 1919 मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने गोल हिऱ्याच्या पैलूंचं गणित मांडलं आणि त्यानंतर हळूहळू आजचा झगमगता घाट रूढ झाला. त्याआधीच्या हिऱ्याचं टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, लहान, माथा उंच, आणि खालचं टोक छाटलेलं. वरून बघितलं की मधोमध एक बारीक गोल ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला तर चांगली खूण. हिरे आजच्या घाटाचे निघाले तर निदान ते तरी बदललेले आहेत. मात्र जुन्या घाटाला हल्ली पुन्हा मागणी आहे आणि प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही त्या घाटात कापले जातात. दुकानातला पेनासारखा हिरा-तपासनीस ‘हिरा’ म्हणून वाजला म्हणजे तो जमिनीतलाच, असं नाही. प्रयोगशाळेतला हिराही हिराच असतो, तोही वाजतो.

आता मधला खडा. सराफ दुकानात कदाचित तुम्हाला दोन गोष्टी करून दाखवेल. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून म्हणेल, बघा, 1.76 ते 1.77, माणिकच. बरोबर आहे. त्याने लालडी (स्पिनेल) बाद होते, कारण तिचा अंक 1.718 च्या आसपास आणि तोही एकच. काच बाद होते. तामडाही (गार्नेट) बहुतेक बाद होतो. पण भट्टीतल्या माणकाचे अंकही अगदी हेच. मग तो जांभळ्या उजेडाची, म्हणजे अतिनील किरणांची टॉर्च काढेल, खडा निखाऱ्यासारखा पेटेल आणि तो म्हणेल, बर्मी! बर्मी माणिक पेटतं हे खरं, त्यात क्रोमियम भरपूर आणि लोह कमी म्हणून. थायलंडचं लोहवालं माणिक मंद राहतं. पण भट्टीतलं माणिक सगळ्यांत जोरात पेटतं, त्यात लोह जवळजवळ नसतंच. म्हणजे टॉर्चखाली खडा जितका भडक पेटेल तितकी माझी शंका वाढते.

निवाडा होतो तो भिंगाखाली, खरं तर सूक्ष्मदर्शकाखाली. भट्टीतला स्फटिक गोलसर माथ्यावर थर साठत वाढतो, म्हणून त्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वक्र रेषा असतात. निसर्गातल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात आणि ठरावीक कोनांत वळतात. भट्टीतल्या खड्यात वायूचे बुडबुडे असतात, गोल किंवा शेपूट असलेले. निसर्गातल्यात रूटाइल या खनिजाच्या सुया एकमेकींना 60 अंशांत छेदणाऱ्या, कॅल्साइट या खनिजाचे बारके स्फटिक, आणि बर्मी खड्यात पाकात ढवळल्यासारखी रंगाची वळणं. वक्र रेषा दिसायला अवघड असतात. खडा तिरका करून, मागे पांढरा पातळ कागद धरून, सावकाश फिरवत बघावा लागतो. अर्धा तास लागू शकतो. एकदा नक्की दिसल्या की प्रश्न तिथेच मिटतो.

पण दिसल्या नाहीत म्हणून खडा नैसर्गिक ठरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लक्स पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या द्रावणात, वाढवलेली माणकं बाजारात आली, त्यांत वक्र रेषा नसतात आणि आतले पडदे नैसर्गिक भेगांसारखे दिसतात. खडा मधल्या काळात बदलला असेल तर यातलं काहीही असू शकतं. 2004 च्या आसपासपासून शिशाच्या काचेने भेगा भरलेली माणकंही भरपूर आली. ती दिसायला लाल आणि स्वच्छ. तिरकं धरलं तर भेगेतून निळसर चमक मारते. असला खडा सोनाराच्या तेजाबात गेला की तेजाब ती काच खाऊन टाकतं आणि आतल्या भेगांची जाळी उघडी पडते. जुन्या अंगठीत नव्याने बसवलेलं असं माणिक मी अनेकदा पाहिलं आहे. बसवणाऱ्याला वाटतं, जुन्या कोंदणात कोण शंका घेणार.

तापवण्याबद्दलही बोलायला हवं. माणिक-नीलम मोठ्या प्रमाणावर भट्टीत तापवून रंग सुधारण्याचा धंदा 1970 नंतर वाढला. म्हणून खडा जर खरोखर 1920 मध्ये बसवला गेला असेल आणि तेव्हापासून हललाच नसेल, तर तो आधुनिक पद्धतीने तापवलेला नसण्याची शक्यता बरीच. सराफाचा तर्क हाच आहे आणि तर्क चुकीचा नाही. फक्त ‘हललाच नसेल’ हे त्याने सिद्ध केलेलं नाही. पंजे कधी उघडले गेले आहेत का ते बघा: टोकांवर चिमट्याचे व्रण, एखाद्या पंजाचा रंग वेगळा, नवा डाग.

राहिलं बर्मा. 1920 च्या इंग्लिश अंगठीत बर्मी माणिक असणं इतिहासाला धरून आहे. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, 1889 मध्ये लंडनमध्ये बर्मा रूबी माइन्स कंपनी उभी राहिली आणि मोगोकच्या खाणींतला माल थेट तिकडे जाऊ लागला. बर्माचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांचा कैदी म्हणून आपल्या रत्नागिरीत येऊन पडला आणि 1916 मध्ये तिथेच गेला. त्याची तक्रार शेवटपर्यंत एकच होती: नगा मौक नावाचं आपलं थोर माणिक कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याने घेतलं ते परत आलं नाही. त्यामुळे कोकणात आणि मुंबईत ‘थिबा राजाकडचं माणिक’ म्हणून दाखवले जाणारे खडे अधूनमधून समोर येतात. ऐकायला मजा येते. खड्याचा गाव मात्र गोष्टीवरून ठरत नाही. आतल्या खुणा आणि सूक्ष्म मूलद्रव्यांचं रासायनिक मोजमाप, दोन्ही मिळून प्रयोगशाळा मत देते. प्रमाणपत्रावरही ते ‘मत’ म्हणूनच लिहिलेलं असतं, आणि दोन नामांकित प्रयोगशाळांची मतं वेगळी पडल्याची उदाहरणं आहेत. पारशी घराण्याचंही तेच. मुंबईच्या पारशी घरांतून उत्तम ब्रिटिशकालीन दागिने खरंच येतात, म्हणूनच प्रत्येक दुसऱ्या अंगठीला पारशी आजी जोडली जाते. जुनं बिल, विम्याचं मूल्यांकन, मृत्युपत्रासोबतची यादी, हातात अंगठी दिसणारा फोटो, यातलं काही असेल तर त्याला किंमत आहे. नुसत्या मखमली डबीला नाही. डब्या वेगळ्या विकत मिळतात.

वजनाचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. अंडाकृती माणकासाठी सरासरी व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले 4.00 (माणकाची घनता), गुणिले 0.0020. लांबी-रुंदी 8 आणि 6, सरासरी 7, वर्ग 49. खोली साडेतीन मिलिमीटर धरली तर वजन येतं 1.37 कॅरट. पावणेदोन कॅरट व्हायला खोली जवळजवळ साडेचार मिलिमीटर हवी. एवढे खोल खडे असतात, नाही असं नाही, पण मोजल्याशिवाय मानू नका. अंगठी खालून उघडी आहे, सराफाकडे गेज असेल, त्याच्याच हाताने मोजून घ्या. माणकात दीड कॅरट ओलांडलं की प्रतिकॅरट भावही चढतो, म्हणून हा फरक वाटतो त्यापेक्षा महागात पडतो.

आता साडेसहा लाख. ही किंमत मला कुठल्याच बाजूने पटत नाही. खडा भट्टीतला असेल तर त्याची स्वतःची किंमत नगण्य. मग तुम्ही पैसे देताय ते चार ग्रॅम सोनं-प्लॅटिनम, दोन छोटे जुन्या घाटाचे हिरे आणि जुनी घडण यांचे. त्याचे साडेसहा लाख होत नाहीत, जुनेपणाची हौस धरूनही नाही. उलट खडा खरोखर बर्मी, न तापवलेला, फोटोत दिसतो तितका स्वच्छ आणि लालबुंद असेल, तर तो याहून बराच महाग जातो आणि कुठलाही जाणता सराफ चाचणीचे काही हजार रुपये वाचवायला तो प्रमाणपत्राशिवाय विकणार नाही. लाखांचा खडा विकताना त्याने चाचणीच केली नाही, यातच मला उत्तराचा वास येतो. मधलीही एक शक्यता आहे: नैसर्गिक पण तापवलेलं, बर्माबाहेरचं माणिक. त्यासाठी ही किंमत जास्त आहे, तरी घासाघीस करता येईल अशी.

तर सराफाला सरळ सांगा: अंगठी आवडली आहे, घ्यायची इच्छा आहे, आधी प्रयोगशाळेत जाऊ द्या. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेची प्रयोगशाळा आहे. खडा मोठ्या किमतीचा निघेल असं दिसलं तर मग स्वित्झर्लंडमधल्या ग्युबेलिन किंवा एसएसईएफ या प्रयोगशाळांचा विचार करता येतो, पण त्याआधी नाही. अंगठी सराफाच्याच माणसाने न्यावी, त्याच्याच नावावर पावती व्हावी; वाटेत काही झालं तर जबाबदारी तुमच्यावर नको. शुल्क कोण देणार ते आधी ठरवा. दाव्याप्रमाणे निघालं तर तुम्ही, नाही निघालं तर त्याने, हे मला रास्त वाटतं. खडा काढून तपासायची घाई करू नका. झिजलेला प्लॅटिनमचा पंजा उघडताना तुटतो, आणि पहिला प्रश्न, म्हणजे नैसर्गिक की भट्टीतला, बहुतेक वेळा बसवलेल्या स्थितीतच सुटतो. अहवालात तीन ओळी शोधा: खडा नैसर्गिक आहे का, तापवल्याच्या किंवा भेगा भरल्याच्या खुणा आहेत का, आणि उगमाबद्दल मत दिलं आहे का. नुसतं ‘माणिक’ लिहिलेलं दुकानातलं लॅमिनेटेड कार्ड यात मोजू नका. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून मापं आणि फोटो जुळवून घ्या.

सराफ याला तयार झाला नाही तर माझं उत्तर तिथेच संपतं. गिऱ्हाईक दुसरं आहे, आठ दिवसच आहेत, असं म्हणेल. असू दे. अशी अंगठी आयुष्यात एकदाच मिळते हेही खरं नाही.

अहवाल चांगला आला आणि घ्यायचं ठरलं, तर बिलावर मोघम ‘अँटिक रूबी रिंग’ असं चालणार नाही. धातू आणि कस, एकूण वजन, खड्याची मापं, नैसर्गिक-न तापवलेला हे शब्द, अहवालाचा क्रमांक, हिऱ्यांचा प्रकार, आणि काळाचा दावा, सगळं लेखी. आणखी एक विचारा. भारतात 1 एप्रिल 2023 पासून सराफाने सोन्याचे दागिने विकताना सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असलेला हॉलमार्क लागतो. दोन ग्रॅमखालच्या वस्तू आणि कुंदन-पोलकी-जडाऊ यांना सूट आहे, तुमची अंगठी त्यात बसत नाही. जुना इंग्रजी ठसा याला पर्याय नाही. या अंगठीचं तो काय करणार आहे, हे बिलाआधी त्याच्याकडून ऐका. आणि पत्रिकेतल्या सूर्यासाठी हे माणिक चालेल का, हा प्रश्न कृपया मला विचारू नका. तापवलेलं चालतं की नाही यावर ज्योतिषांचंच एकमत नाही.

माप लहान करताना काळजी घ्या. इथे एक गंमत आहे जी सगळ्याच सोनारांना माहीत नसते. हिऱ्याला झाळताना बोरिक ॲसिडचा लेप देतात, नाहीतर तो वरून जळून धुरकट होतो. तोच लेप तापलेल्या माणकाला लागला तर त्याचा पृष्ठभाग खातो. तुमच्या अंगठीत दोन्ही शेजारी शेजारी आहेत. म्हणून ज्योतीवर काम नको. लेझर वेल्डिंग असलेल्या कारागिराकडे द्या, उष्णता एका ठिपक्यापुरती राहते. त्यालाच झिजलेल्या पंजांची टोकं भरून द्यायला सांगा, आणि कड्याचा खालचा भाग एक मिलिमीटरहून पातळ झाला असेल तर तिथे नवा तुकडा घालायला सांगा. जुनी नक्षी घासून चकचकीत करू देऊ नका, किंमत तिथेच उतरते. अंगठी धुण्यासाठी अल्ट्रासोनिक यंत्रात टाकायची नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश पुरे. लेकीला सांगा की ही अंगठी समारंभाची आहे, रोज भांडी घासताना घालायची नाही.

आणि लंडन. अंगठी ऐटीत ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणून विकली जाते तेव्हा हा मुद्दा कुणी काढत नाही. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची मुभा खाजगी व्यक्तीला नाही. अशा वस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो. बिलावर 1920 लिहून घेतलंत तर विमानतळावर तोच कागद तुमच्या विरोधात उभा राहील. न लिहून घेतलंत तर वयाचे पैसे कशाचे दिले, हा प्रश्न राहील. अंगठी 1930 च्या दशकातली निघाली तर ही अडचण येत नाही, पण तेही कुणीतरी अधिकृतपणे सांगावं लागतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. वेळ लागतो, तेव्हा लग्नाच्या तारखेआधी पुरेसे महिने हातात ठेवा. किंवा माझं ऐकाल तर लेकीसाठी अंगठी तिकडेच बघा: बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये किंवा लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये याच काळातल्या, याच घाटाच्या अंगठ्या नेहमी असतात, आणि तिथेही पहिला प्रश्न खड्याच्या अहवालाचाच विचारा.